लहान फंक्शनांनीं राहावें कोठें?



ऑपरेटिंग सिस्टिमविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं पुष्कळांची समजूत होते, हा विषय तज्ज्ञांचा. घरांतील माणसांना त्याचें काय? परंतु ज्यांच्या खिशांत अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशांत लिनक्सचें कर्नेलही आहे. लष्करांतील कर्नल निराळे; हें कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. फोनमधील मेमरी कोणत्या कामाला किती द्यावयाची, प्रोसेसर कोणाच्या वाट्याला केव्हां यावयाचा, बाहेरून आलेली माहिती कोणाकडे पोंचवावयाची, हा सारा कारभार तो गाभा पाहतो. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें तो प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या सुमारें दहा हजार ओळी होत्या. आज त्या तीन कोटींच्या पलीकडे गेल्या आहेत. एवढ्या अवाढव्य ग्रंथांत चार ओळींचें एखादें फंक्शन कोणत्या फाइलींत लिहावें, याविषयीं जाणते लोक वर्षानुवर्षें वाद घालीत आले आहेत. तो वाद काय आहे, आणि निकाल चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

लिनक्स बहुतांशीं सी भाषेंत लिहिलेलें आहे. या भाषेंत दोन प्रकारच्या फाइली असतात. मूळ फाइलींत प्रत्यक्ष काम लिहिलेलें असतें. हेडर फाइलींत सामान्यतः त्या कामाची केवळ ओळख असते: अमुक नांवाचें फंक्शन आहे, त्याला अमुक द्यावें लागतें, तें अमुक परत देतें. माणसानें लिहिलेल्या ओळींचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा जो कंपायलर, तो प्रत्येक मूळ फाइल स्वतंत्रपणें वाचतो. आणि वाचतांना तिनें मागितलेल्या हेडर फाइली अक्षरशः तिच्या माथ्यावर उतरून घेतो. ही नक्कल आपण ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

आतां चार ओळींचें फंक्शन म्हणजे काय तें पाहूं. कर्नेलमध्यें वस्तूंच्या साखळ्या पदोपदीं लागतात. हात धरून उभ्या असलेल्या मुलांची रांग डोळ्यांपुढें आणा. दोघांच्या मध्यें तिसरें मूल शिरावयाचें असेल, तर धरलेले हात सुटतात आणि चार हात नव्यानें धरले जातात: नव्या मुलाचे दोन्ही, व दोन शेजाऱ्यांचा एकएक. साखळींत वस्तु जोडणारें लिनक्सचें ‘लिस्ट ॲड’ हें फंक्शन नेमक्या याच चार हालचाली करतें. एवढ्या कामासाठीं दुसऱ्या फाइलींतील फंक्शनाला हांक मारावयाची म्हणजे सामान बांधून द्यावयाचें, परतीचा पत्ता टिपून ठेवावयाचा, तेथें उडी घ्यावयाची आणि काम होतांच माघारीं यावयाचें. जाण्यायेण्याचा हा खर्च कामाइतकाच, किंबहुना अधिक होतो. २०२२ सालीं प्रोसेसरांतील ‘रेटब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला. त्यावर जे उपाय योजावे लागले, त्यांमुळें ज्या प्रोसेसरांना हा दोष बाधतो त्यांवर माघारीं येणें पूर्वीपेक्षां महाग झालें.

हा खर्च वांचविण्याचा जुना उपाय म्हणजे मॅक्रो. मॅक्रो हें फंक्शन नव्हे. ती केवळ लेखनांतील अदलाबदल आहे. जेथें नांव दिसेल तेथें मजकूर चिकटवावयाचा, इतकेंच तिला कळतें. दिलेली वस्तु कोणत्या जातीची आहे हें ती पाहत नाहीं, आणि मजकुरांत ती वस्तु दोनदां आली असेल, तर तिचा हिशेबही दोनदां होतो. एकदां वाढवावयाची संख्या गुपचूप दोनदां वाढते. या चिकटविण्याला अंत नसतो, याचें उदाहरण २०२४ सालीं सर्वांसमोर आलें. दोन संख्यांतील लहान किंवा मोठी निवडणारे लिनक्सचे ‘मिन’ व ‘मॅक्स’ हे मॅक्रो एकांत एक गुंतवून कोणीं वापरले होते. ते उलगडतां उलगडतां एका ओळीचा मजकूर कंपायलरपुढें ४७ मेगाबाइटांचा झाला! लिहिणाऱ्याला ती एकच ओळ दिसत होती.

यावर सुधारलेला मार्ग म्हणजे ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन हेडर फाइलींत ठेवणें. हें खरेंखुरें फंक्शन असतें. कंपायलर त्याची जात तपासतो, दिलेल्या वस्तूचा हिशेब एकदांच करतो. आणि त्याचा देह हेडरमध्यें डोळ्यांपुढेंच असल्यामुळें, हांक मारण्याऐवजीं तें काम जागच्या जागीं गुंफून टाकूं शकतो. सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणग्रंथानें या सोयीला मान्यता दिली. लिनक्सचे लोक तिचा उपयोग त्याच्या आधींपासून करीत होते.

येथवर ऐकून कोणासही वाटेल, मग सगळींच लहान फंक्शनें हेडरमध्यें कां नेऊं नयेत? नवे प्रोग्रामर नेमकें हेंच करूं लागतात. लिनक्सच्या लेखनपद्धतीचें जें अधिकृत टिपण आहे, त्यांत या संवयीला चक्क रोग म्हटलें आहे. तीन ओळींहून मोठें फंक्शन इनलाइन करूं नये, असा तेथील ढोबळ नियम. आपलें साखळीचें उदाहरणच तो थोडासा मोडतें, हा भाग निराळा.

रोग कां, हें समजण्यासाठीं आपल्याच शहराकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें नगर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालें. जमिनीखालून नहर आणून त्यानें या नगरास पाणी पुरविलें. सार्वजनिक हौदावर पाणी भरणाऱ्याला प्रत्येक वेळीं हौदापर्यंत जावें लागे. घरोघरीं रांजण भरून ठेवला कीं ती खेप वांचते. परंतु पाणी बिघडलेलें निघालें, तर हौद एकदां उपसून भागतें काय? प्रत्येक घरांत जाऊन प्रत्येक रांजण रिता करावा लागतो, आणि एखादें घर कुलूपबंद असलें तर तेथील पाणी तसेंच राहतें.

हेडरमधील फंक्शनाचें असेंच आहे. मूळ फाइलींतील फंक्शनांत चूक सांपडली, तर ती एका जागीं दुरुस्त होते आणि हांक मारणाऱ्या सर्वांना दुरुस्त उत्तर मिळूं लागतें. इनलाइन फंक्शनांतील चूक ज्या ज्या ठिकाणीं गुंफली गेली, त्या त्या ठिकाणीं शिरलेली असते. कर्नेलला बाहेरून जोडले जाणारे भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, ते पुष्कळदां निराळ्या कंपनीनें निराळ्या वेळीं बांधलेले असतात. त्यांच्या पोटांत जुनी प्रत राहते. नवें कर्नेल बसविणाऱ्याला वाटतें, भोंक बुजलें. मॉड्यूल पुन्हां बांधलें जाईपर्यंत तें बुजलेलें नसतें. यंत्र बंद न करतां चालत्या कर्नेलला ठिगळ लावण्याची सोय आज आहे. तेथेंही एक इनलाइन फंक्शन बदलावयाचें म्हणजे तें जेथें जेथें विरघळलें आहे त्या सर्व फंक्शनांना हात घालावा लागतो. आणि कर्नेल कोसळलें असतां जो माग कागदावर उमटतो, त्यांत या गुंफलेल्या फंक्शनाला स्वतःची जागा राहिलेली नसते.

वेगाचाही हिशेब नेहमीं जुळत नाहीं. एकच मजकूर हजार ठिकाणीं उतरला कीं कर्नेल फुगतें. प्रोसेसराजवळची जलद मेमरी लहान असते. तींत मावणारें मावेनासें झालें, म्हणजे हांक वांचवून मिळविलेला वेळ मेमरीची वाट पाहण्यांत जातो. शिवाय एकाच ठिकाणीं वापरलेलें फंक्शन त्याच मूळ फाइलींत ठेवलें, तर आजचा कंपायलर न सांगतांही तें गुंफून टाकतो. त्यासाठीं हेडरचा आश्रय घेण्याचें कारण नाहीं. २०२१ पासून तर क्लँग या कंपायलरनें लिनक्स बांधतांना, शेवटच्या जोडणीच्या वेळीं, एका फाइलींतील फंक्शन दुसरींत गुंफण्याचीही व्यवस्था झाली आहे.

सर्वांत मोठा पण सहसा न दिसणारा खर्च आतां सांगतों. एखाद्या घराला पत्र धाडावयाचें, तर पत्ता पुरतो. घरांतील भांडीं मोजावयाचीं, तर आंत जावें लागतें. हेडरमध्यें केवळ फंक्शनाची ओळख असेल, तर वस्तूचें नांव माहीत असलें कीं पुरे. फंक्शनाचा देह तेथें आणला, कीं त्या वस्तूची सारी अंतर्रचना उघडावी लागते; म्हणजे जिच्यांत ती रचना सांगितली आहे ती हेडर फाइल मागवावी लागते; ती आणखी चौघींना बोलावते. कधीं दोघी एकमेकींना बोलावूं लागतात, आणि काम अडतें. २०२२च्या जानेवारींत इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रामरनें लिनक्सच्या सुमारें दहा हजार हेडर फाइलींचा हा गुंता सोडविण्यासाठीं जवळजवळ २,३०० दुरुस्त्यांचा संच पुढें ठेवला. त्यांत अनेक इनलाइन फंक्शनें हेडरमधून काढून मूळ फाइलींत परत पाठविलीं होतीं. त्याच्या मोजणीप्रमाणें कर्नेल बांधण्याचा वेग ५० ते ८० टक्क्यांनीं वाढत होता. तो संच एकदम स्वीकारला गेला नाहीं. कांहीं भाग मात्र पुढें कर्नेलांत आला.

बांधणीचा हा वेळ श्रीमंत कंपनीला फारसा जाणवत नाहीं. १९६० सालीं निघालेल्या येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील, किंवा शहरांतील दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयांतील विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर कर्नेल बांधावयास बसला, म्हणजे तो त्याला जाणवतो. लोकप्रिय हेडरमधील एक अक्षर बदललें, कीं तें हेडर मागविणारी प्रत्येक फाइल पुन्हां कंपायलरकडे जाते. मूळ फाइलींतील बदलाला एकच फाइल पुरते. माझ्या मतें या प्रश्नांत याच विद्यार्थ्याचा विचार सर्वांत कमी झाला आहे.

तरीही कांहीं फंक्शनांचें खरें घर हेडरच होय, आणि अशीं फंक्शनें ओळखतां आलीं पाहिजेत. मेमरी मागणारें ‘के-मॅलॉक’ घ्या. तें दिसावयास मोठें आहे. परंतु किती मेमरी हवी तें बहुधा लिहितांनाच ठरलेलें असतें. अशा वेळीं कोणत्या कप्प्यांतून ती द्यावयाची हा निर्णय कंपायलरच करून टाकतो, आणि सारा मोठा मजकूर आटून एका हांकेपुरता उरतो. मागणीचें माप आधीं ठाऊक नसेल, तर तेंच फंक्शन मूळ फाइलींतील आपल्या थोरल्या भावाकडे काम सोंपवितें. दुसरें उदाहरण रिकाम्या फंक्शनांचें. एखादी सोय वगळून कर्नेल बांधावयाचें असेल, तर तिच्या नांवाचें, कांहीं न करतां परतणारें फंक्शन हेडरमध्यें ठेवतात. मग मूळ फाइलींत जागोजाग ‘सोय असेल तर’ अशा अटी पेराव्या लागत नाहींत, आणि कंपायलर ती रिकामी हांक समूळ पुसून टाकतो. लहान फंक्शन हेडरमध्यें नेण्याचें यापेक्षां चोख कारण मला तरी दिसत नाहीं.

ज्यांना हें प्रत्यक्ष पाहावयाचें आहे, त्यांच्यासाठीं लिनक्सबरोबरच ‘ब्लोट-ओ-मीटर’ नांवाचें एक छोटें साधन येतें. बदलापूर्वीचें व नंतरचें अशीं दोन कर्नेलें त्याच्यापुढें ठेवलीं, कीं कोणतें फंक्शन किती बाइटांनीं वाढलें वा घटलें याची यादी तें देतें. फंक्शन हेडरमध्यें हलविणाऱ्या पॅचसोबत ही यादी जोडली, म्हणजे तपासणाऱ्याला अंदाजावर बोलावें लागत नाहीं; आणि यादींतील आंकडे वाढलेले निघाले, तर तो पॅच पाठविण्यापूर्वीं घरींच थांबवितां येतो.