आधी निवड, मग चौकट



आज मी बोलणार आहे ते चित्रं काढणाऱ्या आपल्या मुलामुलींशी. मिरजगाव, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या भागात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन पुढे कलाशिक्षण घेतलेली मुलं आहेत. घरात माळ्यावर चित्रांची चवड असते आणि मनात एकच असतं, आपलं प्रदर्शन व्हावं. ती माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न, "सर, हॉल कुठला घेऊ?" दुसरा, "फ्रेम स्वस्तात कुठे होईल?" चित्रं कोणती लावू, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज तेवढंच सांगायचं आहे. आधी निवड, मग चौकट.

तुमच्यातली बहुतेक कांदा पिकवणाऱ्या घरातली आहेत. काढलेला कांदा कुणी तसाच गोणीत भरून मार्केटला नेतं का? आई, आजी, चुलती चाळीपुढे बसतात आणि निवडतात. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, गोल्टी वेगळी, जोड आणि सडका बाजूला. व्यापारी गोणीचं वरचं तोंड बघून भाव करत नाही, तो गोणी ओतून बघतो. प्रदर्शनातही तसंच होतं. बारा चांगल्या चित्रांत तीन कच्ची घुसली की बघणाऱ्याच्या डोळ्यांत ती तीनच राहतात.

माझ्या पहिल्या प्रदर्शनाला मी ३४ चित्रं घेऊन गेलो होतो. जागा होती १४ चित्रांची. आदल्या रात्री हॉलच्या फरशीवर बसून घाईघाईत निवड केली. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, दोन गणपती, सगळ्यातलं थोडं थोडं लावलं. दुसऱ्या दिवशी एका जाणकार बाईंनी विचारलं, "ही सगळी एकाच चित्रकाराची आहेत का?" तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. वीस चित्रांच्या फ्रेमचा खर्च तर फुकटच गेला.

मग निवड करायची कशी? सगळी चित्रं घरात भिंतीला टेकवून ठेवा. आठ दिवस येता-जाता बघा. ज्याच्यावरून नजर सरकून जाते ते बाजूला काढा, कितीही कष्ट केले असले तरी. उरलेल्यांत तुमचा विषय कोणता ते शोधा. कुणाचा उन्हाळ्यातला माळ असेल, कुणाची ज्वारीची काढणी, कुणाला निवृत्तीनाथांच्या पालखीचा मिरजगावातला मुक्काम रंगवावासा वाटत असेल. एका विषयाची दहा चित्रं पन्नास फुटकळ चित्रांपेक्षा जास्त बोलतात. आणि निवड करताना घरच्यांना विचारू नका. त्यांना सगळंच आवडतं. एखाद्या चित्रकाराला विचारा, तो रागावला तरी चालेल.

भिंतही मोजा. ४० फुटांच्या भिंतीवर अडीच फूट रुंदीची चित्रं लावायची, मध्ये दीड-दीड फूट मोकळी जागा ठेवायची, तर दहाच बसतात. हा हिशेब घरी वहीत करायचा असतो.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. तिथे लावायचं स्वप्न प्रत्येकाचं असतं. पण तिथे आधी अर्ज आणि चित्रांचे फोटो जातात, आणि तारीख मिळेपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे तिथेही दाराशी गोणी ओतलीच जाते. तोवर कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात, १८८८ सालापासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र पाठवा. तिथे तर मोजकीच चित्रं द्यायची असतात. म्हणून पुन्हा सांगतो, आधी निवड.

एकट्यानेच प्रदर्शन करायची घाईही नको. एका घराचा माल थोडा असला तर आपण चौघांत मिळून टेम्पो करतो ना? प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली स्थापन झाला आणि १९४९ मध्ये मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे असे सहा जण. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत, आरांनी मोटारी धुतलेल्या होत्या. नाव नव्हतं, पैसा नव्हता, म्हणून ते मिळून उभे राहिले.

आता चौकटीचं भराभर सांगतो. फ्रेम करायच्या आधी प्रत्येक चित्राचा फोटो काढून ठेवा, नंतर काचेत खिडकी दिसते. जलरंगाचा कागद काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट हवाच, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. चित्राच्या मागे नाव, माध्यम, आकार, साल लिहा. गॅलरीत चित्र ठेवलं की सही-शिक्क्याची पोच घ्या. कांद्याची हमाली, तोलाई कापून हातात काय येतं ते पट्टीवर कळतं. तसं गॅलरीचं कमिशन किती, फ्रेम कुणाची, वाहतूक कुणाची, हे आधीच कागदावर घ्या. किमती कशा ठरवायच्या, यावर मला बरंच सांगायचं होतं, निदान एवढं तरी, की शेजारच्याची किंमत बघून आपली... पण वेळ संपत आला आहे. ते पुढे कधीतरी.

जाता जाता पालकांना एक विनंती. मुलगी चित्रं पसरून बसली की घर अडतं, मला माहीत आहे. आठ दिवस अडू द्या. आणि मुलांनो, आज रात्री माळ्यावरची चवड खाली काढा, चित्रं भिंतीला लावा आणि बघायला लागा. फ्रेमवाल्याकडे त्यानंतर जा.