"बाई, एकीला जाऊ?"
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतलं भाषण)



कर्जफेडीचा विषय झाला, बचतीचा झाला. आता मी शाळेतल्या लघवीबद्दल बोलणार आहे. हसा, पण ऐका.

एसटीनं तालुक्याला जायचं असलं की आपण सकाळपासून पाणी पीत नाही. बँकेत तासभर ओळीत उभं राहिलं आणि जोराची लागली, की साहेब काय सांगतात ते कानावरून जातं. कुठं सही करतोय तेही सुचत नाही. आपली ही गत, मग आठ वर्षांच्या लेकराचं काय? त्या वयाच्या पोराच्या मूत्राशयात साधारण 300 मिली मावतं, म्हणजे दीड पेला. ते भरत आलं की फळ्यावरची वजाबाकी कुठली दिसतेय! सगळं ध्यान पाय आवळून बसण्यात. आणि घरी आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्षच नसतं.

करंगळी वर केली की उत्तर ठरलेलं, "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली." गुरुजींचीही अडचण आहे, मी नाही म्हणत नाही. एक उठला की मागून पाच उठतात, त्यात दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे. पण पाच गेले तर जाऊ देत. ओल्या चड्डीनं वर्गात बसलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढत नाही.

मोठ्या मुलींचं तर विचारू नका. संडासाला कुलूप, किल्ली ऑफिसात. पाळीच्या दिवसांत सरांकडे किल्ली मागायची कुणी? मग पोरी डबा खातात, पाणी पीत नाहीत. पुढं लघवीला जळजळ, पोटात दुखणं, आणि ते दिवस आले की घरीच.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, हेही त्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया, हेही कायद्यातच. त्या बाया म्हणजे आपणच की! पण रजिस्टर घरी येतं आणि आपण चुलीजवळ बसून सही करतो. समग्र शिक्षामधून शाळेला जे अनुदान येतं, त्यातलं किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी वापरायचं असतं. ते कुठं गेलं, हे विचारायला समितीतल्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही.

केरळात 2019 साली शाळांत पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली. छान आहे. पण आपल्याकडे आधी कुलूप निघू दे, नाहीतर पाणी पिऊन पोरं जायची कुठं?

तर ग्रामसंघाच्या बैठकीआधी दोघी-तिघींनी शाळा भरलेली असताना जाऊन या. संडास बांधलाय का, एवढंच विचारून परत येऊ नका. आत जा. नळाला पाणी येतं का, कडी आतून लागते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, किल्ली कुणाकडे असते, ते बघा. आणि रात्री जेवताना लेकीला विचारा, शाळेत तू एकीला कधी जातेस? जे सांगेल ते लिहून आणा. पुढच्या सभेत गावागणिक वाचू आणि मग ठराव घालू.