गुपिताचीही मुदत संपते



आमच्या बचत गटातल्या एका आजींचं शेत चाळीस वर्षांपूर्वी धरणात बुडालं. मोबदला किती ठरला, कुणी उचलला, हे त्यांना कधी कळलंच नाही. आम्ही चौघी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, "फाईल गोपनीय आहे बाई, दाखवता येत नाही." आजी मुकाट्याने उठल्या. इतकी वर्षं त्या अशाच उठत आल्यात.

मग आम्ही माहितीच्या अधिकाराचा कायदा काढून बसलो. २००५ चा हा कायदा सगळ्यांना ऐकून ठाऊक असतो, पण त्यातलं कलम ८, पोटकलम ३ फारसं कुणी वाचत नाही. अर्जाच्या तारखेआधी २० वर्षं उलटून गेलेल्या घटनेची माहिती द्यावीच लागते, असं ते सांगतं. अपवाद तीनच. देशाची सुरक्षितता आणि परराष्ट्र संबंध, संसद-विधिमंडळाचे विशेषाधिकार, आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं. यातला पहिला अपवाद फार ताणला जातो. १९६२ च्या चीन युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. पण आजींच्या भाताच्या खाचरात कुठलं आलंय परराष्ट्र धोरण?

साध्या कागदावर अर्ज लिहिला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही लागत नाही, दाखला जोडायचा. "सगळी माहिती द्या" असं मोघम लिहू नका. आम्ही गाव, सर्व्हे नंबर लिहून भूसंपादनाच्या निवाड्याची आणि मोबदला वाटपाच्या यादीची प्रत मागितली.

महिन्याने उत्तर आलं, "कागद आढळून येत नाहीत." कालपर्यंत गोपनीय असलेला कागद आज हरवला! पण सरकारी कागद असा वाटेल तेव्हा नष्ट करता येत नाही, त्यासाठी महाराष्ट्रात अभिलेखांचा वेगळा कायदा आहे. म्हणून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील केलं आणि विचारलं, नष्ट केला असेल तर कुणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेला? ती नोंद दाखवा.

सुनावणीच्या दोन दिवस आधी निरोप आला, गठ्ठा सापडला.

निवाड्यात आजींच्या सासऱ्यांचं नाव आहे, रक्कम आहे. वाटपाच्या यादीत त्यांच्या नावापुढे अंगठा आहे. आजींनी तो कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मामंजी सही करायचे गं."

येत्या बुधवारी आम्ही त्या प्रती घेऊन वकीलबाईंकडे चाललोय.