आडवे भरा, उभे पाठवा



रेडिओवरून रुग्णवाहिकेला पत्ता पाठवला आणि वाटेत घरक्रमांकच बदलला, तर? धावते वाहन पुलाखालून जाते आणि सलग पंधरा-वीस बिट एकदम बिघडतात. १९८६ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोबिटेक्स या रेडिओ-जाळ्याच्या मोडेम-चिपा या संकटाला कशा तोंड देतात, तेवढेच आज सांगतो.

नियंत्रक चिपच्या हाती माहितीचे १८ बाइट देतो. चिप त्यांना तपासणीचे २ बाइट जोडते. झाल्या २० ओळी, प्रत्येकीत ८ बिट. मग दर ओळीला ४ शुद्धिबिट. त्यांच्या बळावर ओळीतला एक चुकलेला बिट हुडकून सुधारता येतो. दोन चुकले की इलाज चालत नाही. खरी युक्ती पुढेच आहे. ओळी भरायच्या आडव्या, पाठवायच्या मात्र उभ्या: आधी प्रत्येक ओळीचा पहिला बिट, मग प्रत्येकीचा दुसरा. त्यामुळे सलग २० बिट बुडाले, तरी पलीकडे ओळी पुन्हा लावल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला एकच चूक येते आणि तीही दुरुस्त होते.

२४० बिटांत माहितीचे १४४च. हिशेबी माणूस याला उधळपट्टी म्हणेल. मला हा खर्च स्वस्त वाटतो. सेकंदाला ८,००० बिटांच्या वेगाने सारा ब्लॉक ३० मिलिसेकंदांत जातो.

एवढे करूनही चूक उरली, तर तपासणीचे बाइट बहुधा जुळत नाहीत. चिप मग अंदाज बांधत बसत नाही. ब्लॉक भरवशाचा नाही, इतकेच ती नियंत्रकाला कळवते, आणि तो पुन्हा मागवला जातो.