पहाडातील फळझाड आणि त्याचे वाटेकरी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सफरचंद आज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. आजाऱ्याच्या उशाशी ते असते, पाहुण्यांच्या तबकातही असते. परंतु ज्या अंगणात ते पिकते, तेथील गृहस्थाला किती कसोट्यांतून जावे लागते, याचा विचार सहसा होत नाही. त्या कसोट्यांपैकी एक तर अहिंसेचीच आहे, म्हणून हा विषय या व्यासपीठावर मांडणे उचित ठरेल.

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात बंदरोल येथे 1870 च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रज गृहस्थाने सफरचंदाची बाग लावली. पुढे कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी 1904 मध्ये अमेरिकेतून आलेले सॅम्युअल स्टोक्स शिमल्यापलीकडील कोटगढ येथे स्थायिक झाले. त्यांनी 1916 मध्ये गोड लाल सफरचंदाची रोपे मायदेशातून आणवली आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही हे फळ लावण्यास प्रवृत्त केले. हेच स्टोक्स पुढे स्वातंत्र्यलढ्यात कारावासात गेले आणि 1932 मध्ये सत्यानंद झाले. आज त्या परिसरात घरामागच्या चार झाडांपासून मोठ्या बागांपर्यंत सर्वत्र हेच फळ दिसते.

पहाडातील ऋतुचक्र कठोर असते. लाल सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालील थंडी सुमारे हजार तास लागते. ती मिळाली नाही तर बहर विस्कळीत होतो. मात्र तीच थंडी एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या वेळी परतली तर घात करते. पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेला, की एका रात्रीत वर्षाचे पीक हातचे जाते. जर्दाळू तर सफरचंदाच्याही आधी फुलतो, म्हणून त्याचा धोका अधिक. लाहौलसारख्या उंच प्रदेशात लागवड ते तोडणी हा सारा व्यवहार जेमतेम पाच-सहा महिन्यांत उरकावा लागतो.

अनुभवी गृहस्थ यावर साधे उपाय योजतो. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे खोलगट जागी साचते. म्हणून झाड खोलगटात न लावता उतारावर लावावे. दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी भिंत दिवसभर ऊन साठवते आणि रात्री ऊब देते, तेव्हा नाजूक झाड तिच्या आश्रयाला असावे. ठेंगण्या खुंटावरील कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते आणि ते झाकणेही सोपे जाते. हिमाची चाहूल लागताच सायंकाळी झाडावर जाड कापड जमिनीपर्यंत सोडावे. सकाळी ते आठवणीने काढावे, अन्यथा मधमाशी फुलापर्यंत पोहोचत नाही. लाल सफरचंदाला स्वतःचा पराग पुरत नाही, म्हणून जवळ दुसऱ्या जातीचे एक झाड अवश्य हवे.

एवढे करून फळ धरले, की वाटेकरी हजर होतात. पोपट चोच मारून फळ टाकून देतात. माकडांची टोळी घटकाभरात झाड रिकामे करते. हिमालयातील काळे अस्वल थंडीपूर्वी चरबी साठवण्यासाठी रात्री बागेत शिरते आणि फळांबरोबर फांद्याही मोडते. त्या फांद्या पुन्हा वाढण्यास अनेक वर्षे लागतात.

येथे खरी कसोटी लागते. संतापाच्या भरात फास, विष किंवा बंदूक यांकडे मन वळते. शिमला नगर क्षेत्रात 2016 मध्ये माकडांना काही मुदतीसाठी उपद्रवी प्राणी घोषित करून मारण्यास कायद्याने मुभाही देण्यात आली होती. तथापि बंदुकीने एक टोळी हटली तरी झाडावरचे फळ आणि उघड्यावरचा कचरा दुसऱ्या टोळीला बोलावतोच. म्हणून आमिष दूर करणे हाच टिकाऊ उपाय होय. गळालेली फळे रोज सायंकाळी वेचावीत, कारण त्यांचा वास अस्वलाला दुरून कळतो. नासपती झाडावर पिकू न देता कठीण असतानाच उतरवून घरात पिकवावी. सौरशक्तीवर चालणाऱ्या तारेच्या कुंपणाचा क्षणिक झटका अस्वलाला परतवतो, त्याचा जीव घेत नाही. जाळी मात्र विचारपूर्वक निवडावी. सैल आणि मोठ्या छिद्रांच्या जाळीत पक्षी व साप अडकून तडफडून मरतात. छिद्र बोट न शिरेल इतके बारीक असावे आणि जाळी चौकटीवर ताणून बसवावी. रक्षणासाठी आणलेली वस्तू निष्काळजीपणाने हिंसेचे साधन होऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावी. सहलीला गेलेली मंडळी शिमल्यात असोत वा आपल्या माथेरान-महाबळेश्वरात, दयाबुद्धीने माकडांना चणे-केळी देतात. त्यामुळे त्यांची माणसाची भीती जाते आणि तीच टोळी पुढे गरिबाच्या परसात शिरते. दात्याला पुण्याचे समाधान मिळते. नुकसान मात्र तिसऱ्याच्या खाती पडते आणि अखेरीस शिक्षा त्या मुक्या जीवाला होते. विवेकाशिवाय केलेली दया अपुरी ठरते, ती अशी.

व्यापारी वर्षाच्या हिशेबात घट-तूट धरूनच भाव ठरवतो. पहाडातील सुज्ञ गृहस्थही काही फळे पाखरांच्या नावे आधीच खर्ची टाकतो आणि उरलेल्यांचे नेटाने रक्षण करतो. जाळी, कुंपण आणि रात्रीची राखण हा न मारण्याचा खर्च आहे. तो उचलण्याची तयारी असेल तरच अहिंसा आचरणात उतरते. हा खर्च एकट्या गरीब बागाईतदारावर पडू नये, एवढे भान फळ खाणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे, ही विनंती.

जय जिनेंद्र.