तो फोटो आणि ती दंडारी



स्मरणिकेसाठी जुने फोटो मागितले, तेव्हा माझ्याकडे एकच निघाला. नववीच्या स्नेहसंमेलनाचा. ‘आदिवासी नृत्य’, पहिला नंबर. मधोमध मी आहे. अंगाला तेलात कालवलेली कोळशाची पूड, कमरेला सागाची पानं, हातात बांबूचा भाला. आम्ही तोंडाने काय ओरडत होतो ते तुम्हाला आठवत असेल. ती कोणाचीच भाषा नव्हती.

फोटोच्या कडेला ढोल घेऊन आपला जिवतीकडचा गोंड मित्र उभा आहे. तो आज समोरच बसलाय. नाव घेऊ नको म्हणाला, म्हणून घेत नाही. तालमीत त्याने ढोलावर ठेका धरला, तो आम्हाला पकडता येईना. मी त्याला म्हणालो, “अबे, असं नाही, जोरात वाजव.” त्याने काही न बोलता आम्हाला हवं तसं वाजवलं. ज्याला नाच येत होता त्याला आम्ही कडेला उभं केलं, आणि टाळ्या मी घेतल्या.

पुढे १९९१ च्या दिवाळीत त्याने मला गावी बोलावलं. त्या दिवशी त्यांच्याकडे दंडारी यायची होती. आपल्या झाडीपट्टीत दंडार म्हटलं की रात्रभराचं नाटक डोळ्यांपुढे येतं. ही दंडारी वेगळी. दिवाळीच्या आधी एका गावची पोरं-माणसं ढोल घेऊन निघतात आणि दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जातात. तिथे नाचतात, जेवतात, मुक्काम करतात. दिवाळीनंतर कोलाबोडीचा विधी झाला की सगळं संपतं.

गावच्या वेशीवर सारं गाव सामोरं गेलं होतं. टिपऱ्या घेतलेल्या पोरांच्या पुढे गुसाडी होते. काही गावांत त्यांना घुसाडी म्हणतात. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, त्याला शिंगं, अंगाला राख, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं, हातात सोटा. मी आपला ‘वेशभूषा छान आहे’ असं म्हणून गेलो. मित्र हळूच म्हणाला, “वेशभूषा नाही रे, व्रत आहे. टोप चढवला की हे दिवस संपेपर्यंत आंघोळ नाही.” म्हाताऱ्या बाया त्या गुसाडींच्या पाया पडत होत्या. काही वेळापूर्वी त्यांच्यातलाच एकजण पोरांच्या खोड्या काढून सगळ्यांना हसवत होता. नमस्कार आणि हसू एकाच अंगणात चाललं होतं.

रात्री जेवताना मित्राने आणखी समजावलं. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांची कुळं. एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. दंडारीने गावोगावची माणसं जवळ येतात, घरं-माणसं कळतात, पुढच्या सोयरिकीची बोलणी कधी कधी इथूनच सुरू होतात. म्हणजे तो नाच नुसता बघायचा नव्हता. कोण कोणाचा पाहुणा आणि कोण कोणाचा सोयरा, हे त्यात पायांनी लिहिलेलं होतं.

आलेली दंडारी तेव्हाच्या आंध्रातली, सीमेपलीकडची होती. मला नवल वाटलं. पण आपला राजुराही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेड, आणि १९५९ साली चंद्रपूर. आपला जिल्हा दोनदा बदलला, त्यांचे सोयरे बदलले नाहीत. पलीकडच्या मर्लावाईचे कनक राजू यांना २०२१ साली गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा इकडच्या पाड्यांतही आनंद झाला असणार. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

लोकनृत्यातून संस्कृती कळते, असं आपण निबंधात लिहायचो. खरं आहे, पण ती पोशाखातून कळत नाही. तो नाच माणसाकडून काय मागतो, यातून कळते. दंडारी व्रत मागते, चालत जाणं मागते, आणि समोर वाट बघणारं गाव मागते. हे तिन्ही काढून घेतलं की उरते ती सागाची पानं आणि कोळशाची पूड. आम्ही नेमकं तेवढंच रंगमंचावर नेलं होतं.

त्या रात्री मित्राच्या वडिलांनी सहज विचारलं, “तुमच्या शाळेत कोणता नाच केला होता म्हणे?” माझा घास घशात अडकला. हा पटकन म्हणाला, “मी ढोल वाजवला होता, बा.” बस्स, एवढंच. माझी लाज त्याने त्याच्या घरात झाकली. मी त्याचा पाहुणा होतो ना.

तेव्हा माफी मागायचं धाडस झालं नाही. आज सगळ्यांसमोर मागतो. ज्या टाळ्या मला मिळाल्या, त्या तुझ्या नव्हत्याच. तुझ्यावर हसणाऱ्या होत्या, आणि हे मला फार उशिरा कळलं.

समितीला एक विनंती. तो फोटो लपवू नका, छापा. पण त्याखाली ‘पहिला नंबर’ लिहू नका. माझं नाव लिहा, आणि शेजारी हे भाषण छापा. या दिवाळीला त्याच्या गावी दंडारी येणार आहे. त्याने वर्गाला निरोप दिलाय: या, पण गाडीतूनच फोटो काढून परत फिरू नका, जेवायला थांबा.

जय सेवा.