तेलातली झीज, वहीतली नोंद



यवतमाळ जिल्ह्यातील ट्रकमालक, चालक, मिस्त्री आणि तंत्रशिक्षक या परिषदेत एकाच मंडपात बसून इंजिनाच्या टिकाऊपणाचा विचार करीत आहेत, ही मोलाची घटना आहे. कारण कोळसा, चुनखडी, कापूस आणि सोयाबीन यांवर उभे असलेले या जिल्ह्याचे अर्थकारण अखेर ट्रकच्या चाकांवरूनच पुढे सरकते, आणि ऐन हंगामात इंजिन बसले, तर ज्या कुटुंबाकडे एकच ट्रक आहे त्याची कमाई थांबते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

विश्वासार्हता म्हणजे एखाद्या यंत्राने ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, बिघाडाशिवाय काम करण्याची शक्यता होय. या व्याख्येतील ‘ठरलेल्या परिस्थितीत’ हे शब्द यवतमाळसाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर एका वेगाने धावणारा ट्रक आणि वणी तालुक्यातील उकणी किंवा कोलारपिंपरीच्या खुल्या खाणीतून कोळसा भरून निघणारा ट्रक यांची इंजिने एकाच कारखान्यात घडलेली असली, तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते.

या फरकाचे मूळ जमिनीत आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर बराकर नावाच्या खडकसमूहात असून त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी समूहाचा वालुकाश्म पसरलेला आहे. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी हा वालुकाश्म फोडून बाजूला काढावा लागतो आणि त्याची धूळ रस्त्यावर, झाडांवर व शेवटी इंजिनाच्या श्वासात उतरते. वालुकाश्मातील मुख्य खनिज म्हणजे गारगोटी, आणि खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापावर तिचे स्थान सातवे आहे. लायनर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो त्याचे अस्तर, आणि पिस्टनवरील रिंगा यांच्यामधील तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचा असतो. त्या थराहून मोठा गारगोटीचा कण मधे अडकला की तो कानशीसारखे काम करतो. रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली तेलाच्या टाकीकडे निसटतो, ज्याला मिस्त्री ब्लो-बाय म्हणतात. तेल लवकर काळवंडते, इंजिन ऑइल खाऊ लागते, आणि निघालेला धातूचा चुरा तेलाबरोबर फिरून पुढची झीज घडवतो.

म्हणून एअर क्लीनर हा इंजिनाचा पहिला पहारेकरी ठरतो. त्यातील कागदी फिल्टर टायरवर आपटून किंवा जोराच्या हवेने झाडून पुन्हा बसवण्याची सवय पैसे वाचवल्यासारखी वाटते, तरी कागदाला गेलेली बारीक चीर आणि ढिला झालेला रबरी होस याच वाटांनी इंजिनात सर्वाधिक धूळ शिरते.

झिजेचे दुसरे कारण किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही. खाणीच्या काट्यावर किंवा जिनिंगच्या फाटकावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन तासन् तास चालू राहिले, तर अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी तेलात साठते आणि न जळालेले डिझेल तेल पातळ करते. मात्र मीटर पुढे सरकत नसल्याने ऑइल बदलण्याची वेळ आलेली कळत नाही. अशा ट्रकांची देखभाल किलोमीटरवर न बेतता इंजिन चाललेल्या तासांवर बेतणे अधिक शहाणपणाचे आहे.

काळा-निळा धूर, कमी झालेला पिकअप आणि पडलेला ऑइल प्रेशर ही लक्षणे दिसेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. त्याआधीची तिची भाषा तेलात उमटते. वापरलेल्या तेलाचा नमुना वर्णपटमापकात, म्हणजे जळणाऱ्या नमुन्याच्या प्रकाशावरून त्यातील मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणात तपासला, की दहा लाखांत किती भाग कोणता धातू आहे हे कळते. ही पद्धत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी वापरात आणली. वाढते लोखंड साधारणतः लायनर किंवा क्रँकशाफ्टकडे, क्रोमियम रिंगांकडे, तर तांबे, शिसे व कथील बेअरिंगकडे बोट दाखवतात. सोडियम किंवा पोटॅशियम वाढले, तर रेडिएटरचे कूलंट तेलात मिसळत असल्याची शंका घ्यावी. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले तर बहुधा धूळ शिरली आहे. एकटे सिलिकॉन गॅस्केटच्या लेपातून किंवा तेलातील फेसरोधक द्रव्यातूनही येऊ शकते.

तथापि एका अहवालावरून इंजिन खोलण्याचा निर्णय घेणे योग्य नव्हे. खरा अर्थ एका आकड्यात नसून एकाच इंजिनाच्या ओळीने घेतलेल्या नमुन्यांत वाढ किती वेगाने होते यात असतो. मधल्या काळात टाकलेले नवे तेल धातूचे प्रमाण खोटेच कमी दाखवते, म्हणून किती लिटर टॉप-अप केले याची नोंद नसेल तर अहवाल दिशाभूल करतो. शिवाय हे उपकरण काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजत नाही. त्यांच्यासाठी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या तपासणे आणि चुंबकीय ड्रेन प्लगवर चिकटलेला चुरा पाहणे या साध्या रीती आजही उपयोगी आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या ट्रकांत ही सावधगिरी आणखी आवश्यक ठरते, कारण जळालेल्या तेलाची राख धुराड्यातील काजळी गाळणाऱ्या जाळीत साचते आणि इंजिनाची झीज त्या महागड्या भागालाही भोवते.

या विवेचनातून परिषदेपुढे तीन सूचना येतात. प्रत्येक ट्रकमध्ये मराठीत छापलेली एक इंजिन-वही असावी, जिच्यात तास, ऑइलबदल, टॉप-अप आणि एअर क्लीनर यांची नोंद चालक स्वतः करील. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांनी तेलतपासणीची सोय माफक दरात उपलब्ध करून द्यावी. आणि गरम इंजिनातून, स्वच्छ बाटलीत, फिल्टरच्या आधीच्या जागेवरून नमुना कसा घ्यावा, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या पाठात यावे.

यंत्र एकदम बंद पडते असे भासते, परंतु ते आधी अनेक महिने तेलातून सांगत असते. रात्रभर गाडी चालवणारा चालक आणि हाताने बेअरिंग चाचपणारा मिस्त्री यांच्याजवळ ते सांगणे ओळखण्याचे अर्धे ज्ञान आहे, उरलेले अर्धे प्रयोगशाळेत आहे. ही दोन्ही ज्ञाने एका वहीच्या पानावर आणणे, हेच या परिषदेचे सर्वांत निकडीचे काम आहे.